आर्डिसचा इशारा

टॉलेफसनांच्या घरात कुणाचं काही बिनसलं, केक करपला, गाडी बर्फात रुतली, अगदी कुणाचं लग्न मोडलं, तरी एकच म्हण ठरलेली: "आर्डिसनं इशारा केला वाटतं!" की सगळे खो खो हसायचे. खुद्द आर्डिस तिथेच टेबलाशी बसलेली असायची, बटाट्यांचं भांडं पुढे सरकवत. छत्तीस वर्षं तिनं हे ऐकलं. पहिल्या वर्षी हसली, दुसऱ्या वर्षी ओशाळं हसली, पुढे नुसतीच भांडं सरकवत राहिली.

म्हणीमागची गोष्ट तिचा नवरा मर्ल सांगायचा, आणि काय रंगवून सांगायचा! तळ्याकाठी कॅम्पला गेलेले. मर्ल गाडीमागचा ट्रेलर उलटा घेऊन जागेत लावतोय. आर्डिस मागे उभी राहून हातांनी इशारे करतेय. तिकडे अमेरिकेत सगळ्यांची हीच रीत, नवरा चाकाशी आणि बायको मागे धुळीत. तर हिनं "ये, ये" केलं म्हणे, आणि ट्रेलर गेला थेट ओकच्या झाडात. मागची भिंत फुटली, सुट्टी पहिल्याच दिवशी संपली. "मी तर डोळे झाकून हिच्यावर विश्वास टाकला!" असं म्हणून मर्ल टेबलावर थाप मारायचा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, इथं तर अंगणाचं नाव आर्डिस होतं.

मर्ल गेला त्याला दोन हिवाळे झाले. म्हण मात्र मागे ठेवून गेला. तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर एकाहत्तर वर्षांच्या आर्डिसनं त्याची मासेमारीची बोट विकली आणि पॉपअप कॅम्पर घेतला. गाडीमागे ओढायचा पेटाराच तो. मिटलेला असला की कमरेएवढा. मुक्कामाला पोचलं की हँडल फिरवायचं, छत वर उठतं. दोन्ही टोकांना दोन पलंग ड्रॉवरसारखे बाहेर ओढायचे, कापडाच्या भिंती ताणायच्या, झालं घर. तिनं त्याचं नावच पेटारा ठेवलं.

मेच्या शेवटच्या सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, तिचा मुलगा कर्ट मॅडिसनहून आला. सत्तेचाळीस वर्षांचा, बापासारखाच रुंद, बापासारखाच घाईचा. गाडीतून उतरला तो हातात एक रंगीत पत्रक घेऊनच.

"आई, बाबांची बोट कुठाय?"

"विकली."

"विकली? बाबांची बोट?"

"बाबा कुठं आता मासे मारायला जाणारेत?"

"आणि ही डबी कसली उभी केलीयस?"

"घर आहे ते. तू मला घर दाखवायलाच आलायस ना? मी तुझ्याआधी पाहून ठेवलं."

पत्रक मेपल कोर्ट नावाच्या वृद्धांच्या वसाहतीचं होतं. फोटोत चार म्हाताऱ्या जिगसॉ जुळवत हसत होत्या. त्या तुकड्यांत इतकं हसण्यासारखं काय सापडलं होतं, देव जाणे. कर्टनं ते टेबलावर पसरलं आणि समजुतीचा सूर लावला. हा सूर कुणी लावला की समजावं, आपल्याविषयी परस्पर काहीतरी ठरून गेलंय.

"आई, तू एकटी. घर एवढं मोठं. हिवाळ्यात रस्ते कसे असतात तुला माहीत आहे. पिकअपची किल्ली मला दे, शरद ऋतूत आपण तुला तिकडे हलवू. आणि ट्रेलर ओढायचं खूळ तर सोडच. तुला कधी रिव्हर्स तरी घेता आली का? नुसता इशारा करायचा होता तेव्हा काय झालं..."

तो हसला. सवयीनं. आर्डिस हसली नाही.

"तू माझ्याशी पैज लाव," ती म्हणाली.

"कसली पैज?"

"या उन्हाळ्यात जवळपासची तीन कॅम्पग्राउंड करीन. एकटी. ओढीन मी, लावीन मी, उघडीन मी, मिटीन मी. पेटाऱ्यावर एक ओरखडा जरी आला तरी किल्ली तुझी, आणि मी जाते त्या चौघींच्यात पाचवी बसायला."

"आणि नाही आला तर?"

"तर हा विषय माझ्या देखत पुन्हा काढायचा नाही. मरेपर्यंत."

कर्टनं आईकडे पाहिलं, पेटाऱ्याकडे पाहिलं आणि खुशाल हो म्हणाला. पैज आपण जिंकलोच, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आर्डिसनं त्याला ते मेपल कोर्टच्या पत्रकाच्या मागे पेनानं लिहायला लावलं, खाली सही घेतली आणि कागद फ्रिजवर चुंबकानं चिकटवला. तोंडी बोलण्याचं काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

खरं सांगायचं तर तिला रिव्हर्स येतच नव्हती. चाकाशी कधी बसूच दिलं नव्हतं तर येणार कुठून? म्हणून दुसऱ्याच आठवड्यापासून ती ल्युथरन चर्चच्या मागच्या मोकळ्या आवारात पेटारा घेऊन जायला लागली. रविवार सोडून रोज. दोन नारिंगी बादल्या मांडायच्या आणि त्यांच्यामध्ये पेटारा घालायचा. ट्रेलरचं गणित उलटं असतं. चाक उजवीकडे फिरवलं की तो डावीकडे जातो. पहिल्या दिवशी तिनं दोन्ही बादल्या चेपल्या आणि "उफ दा!" अशी आजीची नॉर्वेजियन आरोळी ठोकली. पाद्रीबुवा खिडकीतून बघत होते, ते पडदा ओढून बसले. चौथ्या दिवशी तिला युक्ती सापडली. हात चाकाच्या वरच्या बाजूला नाही, खालच्या बाजूला धरायचा. मग ज्या बाजूला हात, त्या बाजूला ट्रेलरची शेपूट. इतकं सोपं! मर्लनं इतक्या वर्षांत हे सांगितलं नव्हतं. बहुतेक त्यालाही माहीत नसावं.

आणि तिथंच तिला दुसरी गोष्टही सापडली, ती मात्र सोपी नव्हती.

खोटं पुष्कळ वेळा ऐकलं की माणूस स्वतःलाच विचारायला लागतो. आर्डिसचंही तेच झालं होतं. त्या दिवशी मी दोन्ही हात डोक्यावर कात्रीसारखे धरले होते, म्हणजे थांब. धरले होते ना? की "ये ये" केलं? छत्तीस वर्षं सगळे एक म्हणतायत आणि मी एकटी दुसरं म्हणतेय, तर वेडी कोण? म्हणून तिनं एका दुपारी काय केलं, एक झाडू बादलीत उभा केला, त्याला आपलं लाल जाकीट अडकवलं आणि त्या वेळी ती जिथं उभी होती तितक्याच अंतरावर, पेटाऱ्याच्या मागे डाव्या अंगाला, नेऊन ठेवला. मग पिकअपमध्ये बसून आरशात पाहिलं. लाल जाकीट लख्ख दिसत होतं. बाहीची बटणंसुद्धा दिसत होती.

"दिसत होते मी तुला," ती रिकाम्या गाडीत मोठ्यांदा म्हणाली. "मर्ल टॉलेफसन, मी तुला दिसत होते! तू बघतच नव्हतास."

तिला भयंकर संताप आला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही देवाच्या राज्यातली फार मोठी गैरसोय आहे.

पहिला मुक्काम हेरॉन लेकला, घरापासून बारा मैलांवर. काही मोडलं तर तासाभरात परत येता यावं म्हणून सगळे नवशिके सुरुवात जवळच करतात. दुपारी चार वाजता ती पोचली, आणि चार वाजता कॅम्पग्राउंडवर दुसरा काय उद्योग असतो? नवा कोण आला आणि तो ट्रेलर कसा लावतो, हे बघायचं. लोकांनी आपापल्या खुर्च्या रस्त्याकडे वळवल्या. एकटी म्हातारी चाकाशी आहे म्हटल्यावर तीन पुरुष एकदम उठले.

"मॅडम, हात देऊ का?"

"नको. बसा. बिअर गरम होईल तुमची."

दोघे बसले. तिसरा तरीही हात हलवत मागे उभा राहिला. आर्डिसनं इंजिन बंद केलं आणि तो जाईपर्यंत स्वेटरची वीण तपासत बसली. तो गेला. मग ती हळूहळू मागे घ्यायला लागली. चार हात जायचं, थांबायचं, उतरायचं, मागे जाऊन बघायचं, पुन्हा चढायचं. पाच वेळा उतरली. पंचवीस मिनिटं लागली. पेटारा जागेत बसला तेव्हा बिअरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पण कान मात्र गरम झाले होते.

तर अशी फुशारकी अंगात असतानाच माणूस फसतो. तिनं पिकअपचा हूक सोडला, हँडल फिरवून छत वर घेतलं, पलंग ओढले, चादर घातली आणि थकून मागच्या पलंगावर अंग टाकलं. टाकलं मात्र, आणि अख्खा पेटारा तिच्यासकट मागे कलंडला! पुढचं तोंड आभाळाकडे, आर्डिसचे पाय छताकडे. पलंगावर बसायच्या आधी चारी कोपऱ्यांचे टेकू जमिनीला टेकवायचे असतात, ते ही विसरली होती. पॉपअप घेणारा प्रत्येक जण हे एकदा करतोच, पण कबूल कुणी करत नाही.

बिअरवाले धावत आले. "मॅडम! लागलं का?"

आतून हसण्याचा आवाज येत होता. आर्डिस उताणी पडल्या पडल्या पोट धरून हसत होती. मर्ल गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. खरं म्हणजे त्याच्या आधीपासूनही नाही. खाली भुसभुशीत वाळू होती म्हणून ओरखडा एकही नाही. तिनं गुडघ्यांवर रांगत मागचा पत्रा इंच इंच तपासला.

दुसरा मुक्काम ओक हॉलोला. तिथं ती दोन वेळाच उतरली आणि पेटारा बारा मिनिटांत लावला. पण दोन दिवस पाऊस लागून राहिला. निघताना सगळं कापड ओलं. ओलं कापड मिटून ठेवलं तर त्याला बुरशी धरते, म्हणून घरी आल्याबरोबर तिनं पेटारा अंगणातल्या गाडीवाटेवर पुन्हा उघडला आणि वाळत ठेवला. वाळतोय तोवर आत बसून कॉफी प्यायली. समोरच्या घरातल्या कुणाला तरी राहवलं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! संध्याकाळी कर्टचा फोन.

"आई, तू घराबाहेर डबीत राहायला लागलीस म्हणे?"

"हो. घरात गर्दी फार झाली होती."

"आई, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. ओरखडे शून्य. दोन झाले, एक राहिला. तिसऱ्याला स्वतः ये आणि डोळ्यांनी बघ."

तिसरा मुक्काम ब्लफ पॉइंटला, मिसिसिपीच्या वरच्या कड्यावर. सप्टेंबरातल्या लेबर डेची लांब सुट्टी, उन्हाळ्यातली शेवटची. सगळं विस्कॉन्सिन घराबाहेर पडलेलं. आर्डिसला मिळाली सतरा नंबरची जागा. वळणावर, दोन्ही बाजूंना ओक, आणि डाव्या अंगाला नंबराचा जाड लाकडी खांब. अशी जागा वैऱ्याला मिळू नये.

कर्ट आधीच येऊन उभा होता. आल्या आल्या पेटाऱ्याभोवती फिरला, सासू सुनेच्या फडताळावरून बोट फिरवते तसं बोट फिरवून पाहिलं. काही सापडलं नाही. तो खूश झाला नाही, आणि खूश झालो नाही याची त्याला थोडी लाजही वाटली असावी. तसा पोरगा वाईट नव्हता. त्याला आईची काळजी होतीच. पण काळजी करणाऱ्यालाही आपण बरोबर ठरावं असं वाटतं ना!

आर्डिसनं तिच्या पद्धतीनं सुरुवात केली. चार हात मागे, थांब, उतर, बघ. पण सुट्टीचा दिवस. तिच्या मागे रस्त्यावर एक गाडी थांबली, मग दुसरी, मग बसएवढं एक मोटारघर. कुणीतरी हॉर्न वाजवला. कर्ट लाजेनं लाल झाला.

"आई, लोक खोळंबलेत."

"खोळंबू दे. सुट्टीवर आलेत ना, घाई कसली?"

"आई, प्लीज. उतर. मी लावतो दोन मिनिटांत."

"पैजेत काय लिहिलंय?"

"गेली ती पैज खड्ड्यात! म्हणजे... मी लावलं तर मोजायचं नाही, बस? तू उघड, तू मिट, सगळं तुझं. फक्त हे एवढं मला करू दे. सगळे बघतायत!"

आर्डिसनं चाकावरचे हात काढले. मोटारघराकडे पाहिलं, मग मुलाकडे. तेच रुंद खांदे, तीच घाई.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण मागे मी उभी राहणार. आणि इशारा मी करणार."

कर्टच्या तोंडून निघूनच गेलं, "म्हणजे आर्डिसचा इशारा?"

"हो. तोच. आणि नीट ऐक. मी आरशात दिसेनाशी झाले तर थांबायचं. हात डोक्यावर कात्री केले तर थांबायचं. कळलं?"

"कळलं, कळलं. मी काय लहान आहे?"

ती खाली उतरली आणि पेटाऱ्याच्या मागे डाव्या अंगाला, आरशात दिसेल अशी जाऊन उभी राहिली. लाल जाकीट अंगात होतंच. आता काही शहाणे म्हणतील की तिनं मुद्दाम घडवलं. मुळीच नाही. तिनं जीव ओतून इशारे केले. ये, ये, थोडं उजवीकडे, सरळ. पेटाऱ्याचा कोपरा खांबाकडे वळायला लागला तसे तिनं दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले. वर ओरडलीही, "थांब! कर्ट, थांब!"

कर्टचं कोपर खिडकीबाहेर होतं आणि तोंड रस्त्याकडे, मोटारघरवाल्याकडे. "झालंच हं!" तो हसत हसत सांगत होता. "आई आहे माझी, दर वेळी पाच वेळा उतरते, काय करणार!"

धाड्!

खांब तिरका झाला. पेटाऱ्याच्या डाव्या कोपऱ्याला थाळीएवढा पोचा पडला.

कर्ट दार उघडून खाली उडी मारून आला. चेहरा लालबुंद. आणि पहिलं वाक्य काय?

"आई! थांब म्हणून सांगायला काय झालं होतं तुला?"

शब्दाला शब्द तेच. आवाज तोच. छत्तीस वर्षांपूर्वी ओकच्या झाडाखाली मर्ल हेच ओरडला होता, आणि त्या वेळी आर्डिसनं घाबरून पटकन हात खाली घेतले होते. तीच तिची चूक झाली. हात खाली घेतले आणि पुरावा गेला.

आज तिनं हात खाली घेतले नव्हते.

दोन्ही हात डोक्यावर, मनगटावर मनगट, अशी ती उभी होती. खांदे दुखत होते. ती हलली नाही. कर्ट बघत राहिला. मागच्या गाडीतली बाई बघत होती, मोटारघरवाला बघत होता, शेजारच्या सोळा नंबरवाले खुर्च्यांतून उठून बघत होते. हॉर्न केव्हाच बंद झाला होता.

"याला काय म्हणतात, कर्ट?" शेवटी तिनं विचारलं.

कर्टनं मान वळवून मागच्या गाड्यांकडे पाहिलं.

"मी विचारतेय. याचा अर्थ काय?"

"थांब," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"थांब! याचा अर्थ थांब!"

तेव्हा कुठं तिनं हात खाली घेतले. "त्या दिवशीही हेच होतं. अगदी हेच. तुझ्या बापाला मी दिसत होते. चर्चच्या आवारात स्वतः गाडीत बसून आरशात पाहिलंय मी. त्यानं बघितलं नाही, आणि आयुष्यभर माझं हसं केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि मी बटाटे वाढत बसले."

कर्टनं पोच्यावर हात ठेवला. मग खाली बघत म्हणाला, "ते रेडिओकडे बघत होते."

"काय?"

"बाबा. मी पुढच्या सीटवर होतो. बेसबॉलची मॅच लागली होती, आणि मी हट्ट धरला, स्टेशन लावा, स्टेशन लावा. ते बटण फिरवायला वाकले आणि... मला आरशात तू दिसत होतीस, आई. हात वर होते तुझे. मला दिसत होतीस."

अकरा वर्षांचं पोर बापाला घाबरून गप्प बसलं, हे आर्डिस समजू शकत होती. पण पुढची छत्तीस वर्षं? दर वर्षी टेबलाशी सगळ्यात मोठ्यानं कोण हसायचं? हाच. तिला वाटायचं, किती खेळकर पोरगा आहे.

"किल्ली दे," ती म्हणाली.

त्यानं दिली.

"आता मागे जा. मी उभी होते तिथं उभा राहा, आणि हात मला दिसतील असे वर धर."

तो गेला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस धुळीत उभा राहून हात हलवायला लागला. आर्डिसनं पेटारा पुढे काढला, हात चाकाच्या खालच्या बाजूला धरला, आरशात बघत मागे घेतला. दोन ओक, मधून पेटारा, खांबापासून हातभर लांब. आरशात कर्टनं मनगटं डोक्यावर ओलांडली आणि त्याच क्षणी तिनं ब्रेक दाबला. या वेळी ती एकदाही उतरली नव्हती. मोटारघरवाल्यानं हॉर्न वाजवला, पण आता तो शाबासकीचा होता. "आता तुम्ही जा पुढे!" आर्डिस खिडकीतून ओरडली.

टेकू लावले, छत वर घेतलं, पलंग ओढले. सगळं तिनंच केलं. कर्ट बाकावर बसून होता, मदत करू का विचारायची हिंमत त्याला झाली नाही. तिनं शेगडीवर ब्रॅट सॉसेज टाकले, मक्याची कणसं उकडायला ठेवली. ती शिजत आली तसा लायल आला. लायल म्हणजे तिथला होस्ट, उन्हाळाभर कॅम्पवर राहून देखरेख करणारा म्हातारा. गोल्फच्या छोट्या गाडीतून उतरला, तिरका खांब पाहिला, मांडीवर फॉर्म ठेवून पेन काढलं आणि थेट आर्डिसकडे बघून डोळा मिचकावला.

"काय बाई, रिव्हर्स जरा जास्तच झाली वाटतं?"

आर्डिस काही बोलली नाही. आयुष्यात पुष्कळदा ती नाइलाजानं गप्प बसली होती, पण ही चुप्पी वेगळी होती. ही तिनं मुद्दाम धरली होती. पेटाऱ्याला पोचा आला होता. फ्रिजवरच्या कागदात "एक ओरखडा जरी आला तरी" एवढंच लिहिलं होतं, कुणी पाडला ते लिहिलंच नव्हतं. कर्टनं नुसतं तोंड मिटून धरलं असतं, तर किल्ली त्याची होती आणि ती त्या फोटोतल्या चौघींच्यात होती. ती चिमट्यानं कणीस उलटत राहिली आणि वाट बघत राहिली.

सोळा नंबरवालेही कान देऊन होते.

"मी," कर्ट म्हणाला.

लायलला ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात?"

कर्ट उभा राहिला. "मी ठोकला खांब. चाकाशी मी होतो. ती थांब म्हणत होती, हात वर करून, ओरडूनसुद्धा. मी बघितलं नाही. लिहा तसंच."

"नाव?"

"कर्टिस टॉलेफसन. एल दोन."

लायलनं लिहिलं. "आणि मागे इशाऱ्याला कोण होतं?"

"माझी आई. आर्डिस." त्यानं फॉर्मकडे बोट दाखवलं. "इशारा बरोबर होता."

लायलनं तेही लिहिलं, टोपीला हात लावून आर्डिसला नमस्कार केला आणि निघून गेला. कर्ट खाली बसला. आर्डिसनं त्याच्यापुढे थाळी ठेवली, दोन ब्रॅट, एक कणीस, वर लोण्याचा गोळा. पोटच्या पोराला उपाशी ठेवण्याइतकी ती रागावलेली नव्हती. पण रागावलेली होती.

"पोचा मी दुरुस्त करून देतो," तो म्हणाला.

"हात लावायचा नाही त्याला. राहू दे तसाच. चौथ्या कॅम्पग्राउंडची जागा मी महिन्यापूर्वीच नोंदवलीय, तिथं लोकांना दाखवायला काहीतरी हवं."

"महिन्यापूर्वी? पैज हरली असतीस तर?"

"हरले असते तरी गेले असते."

तो हसला. कणीस हातात तसंच धरून म्हणाला, "आई, मी आता काय करू?"

"घरी चल. फ्रिजवरचा कागद काढ. त्यावर अजून जागा शिल्लक आहे, तिथं आजचं लिही आणि सही कर. आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला सगळे जमले, की बटाटे फिरायच्या आधी ही गोष्ट तू सांगायचीस. दोन्ही. तुझ्या बापाचीही आणि तुझीही. उभा राहून."

"सगळे हसतील गं."

"हसू देत की," आर्डिस म्हणाली. "फक्त या वेळी बरोबर माणसाला."